पहिली माउंटन बाइक घेताना: कमी पैशांत काय बघायचं आणि काय सोडून द्यायचं

माझी पहिली माउंटन बाइक दिसायला जबरदस्त होती. जाडजूड नळ्या, पुढे-मागे शॉकअप, २१ गिअर, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक. सहाव्या महिन्यात मागच्या चाकाचा एक्सल, म्हणजे चाक ज्यावर फिरतं तो दांडा, वाकला. नवा टाकला, तोही वाकला. तिसऱ्या खेपेला मेकॅनिकनं चाक उघडून हब, म्हणजे चाकाचा मधला गाभा, माझ्यासमोर ठेवला आणि आतली रचना दाखवली. तो हब दगडधोंड्यांतून जाण्यासाठी बनलेलाच नव्हता. चांगला हब टाकायचा तर चाक नव्यानं विणायचं, मागचे गिअर दुसरे घ्यायचे, आणि हे सगळं केलं तरी जड फ्रेम आणि नुसता उसळणारा शॉकअप तसाच राहणार होता.

तेव्हापासून कुणी सल्ला विचारला की मी एका प्रश्नापासून सुरुवात करतो: हा भाग उद्या बदलायचा झाला, तर त्याच्यासोबत आणखी किती भाग बदलावे लागतील? सीट, पेडल, ग्रिप, टायर, हँडल हे सुटे भाग. जमेल तसे, एकेक करून बदलता येतात. फ्रेम, हब, फोर्क (पुढचं चाक धरणारा दोन पायांचा भाग) बसायची जागा आणि गिअरची रचना मात्र एकमेकांत गुंतलेली असते. पैसे मोजके असतील तर ते या गुंतलेल्या भागांवर खर्च व्हायला हवेत. दुकानात नेमकं उलटं होतं. डोळ्यांत भरतात ते शॉकअप, गिअरचा आकडा आणि रंग.

आधी वाट ठरवा

"ऑफरोड चालवायची आहे" एवढं पुरेसं नाही. पुढच्या वर्षभरात चाकाखाली नक्की काय येणार आहे? कच्चा, मुरमाड पण रुंद रस्ता? मुळं आणि दगड असलेली एकेरी पायवाट? की मुद्दाम बांधलेल्या उड्या? पहिल्याच उत्तरावर थांबत असाल, तर शॉकअप नसलेली, जाड टायरची साधी सायकलही उत्तम काम देते आणि तेवढ्याच पैशांत तिचे बाकीचे भाग चांगले मिळतात.

कंपनीनं ती सायकल कशासाठी बनवली आहे हेही शोधता येतं, पण हे फार कमी लोक बघतात. अमेरिकेच्या एएसटीएम एफ२०४३ या मानकात सायकलींचे वापरानुसार वर्ग केलेले आहेत आणि बऱ्याच कंपन्या तो वर्ग फ्रेमवरच्या स्टिकरवर किंवा माहितीपुस्तिकेत छापतात. वर्ग १ फक्त पक्क्या रस्त्यासाठी. वर्ग २ मध्ये कच्चे रस्ते आणि साध्या वाटा येतात, उडी १५ सेंटिमीटरपर्यंत. वर्ग ३ खडबडीत वाटांसाठी, उडी ६१ सेंटिमीटरपर्यंत. वर्ग ४ मध्ये ती १२२ सेंटिमीटरपर्यंत जाते. पायवाटेवर उतरायचं असेल तर वर्ग ३ शोधा. माउंटन बाइकसारखी दिसणारी पण वर्ग १ किंवा २ मधली सायकल वाईट नसते, तिचं काम वेगळं असतं. "खडबडीत वाटेवर वापरू नये" असा इशाराच चिकटवलेला असेल, तर तो शब्दशः खरा माना.

स्वस्तात मागचा शॉकअप घेऊ नका

या बाबतीत माझं मत ठाम आहे. फक्त पुढे सस्पेन्शन असलेल्या सायकलीला हार्डटेल म्हणतात, आणि मोजक्या पैशांत पहिली माउंटन बाइक घ्यायची तर ती हार्डटेलच घ्यावी. मागचं सस्पेन्शन म्हणजे नुसती एक स्प्रिंग नसते. फ्रेम दोन तुकड्यांत करावी लागते, सांध्यांवर बेअरिंग लागतात, आणि धक्का बसल्यावर शॉकअप किती वेगानं परत यावा हे आवरणारी तेलाची यंत्रणा लागते. हे सगळं नीट करायला खर्च येतो. कमी किमतीत ते बसवलं, की तो खर्च हब, ब्रेक आणि चाकांमधून काढला जातो. वर दोन-तीन किलो वजन वाढतं, चढावर प्रत्येक पेडलमागे सायकल खालीवर डोलते आणि काही महिन्यांत सांधे खुळखुळायला लागतात.

हार्डटेलवर शिकण्याचा एक फायदा मला फार मोलाचा वाटतो. मागचं चाक कुठे आपटलं, कुठे घसरलं हे पायाला थेट कळतं. कोणत्या दगडाला कसा वळसा घालायचा, कधी सीटवरून उठायचं हे शरीर आपोआप शिकतं.

माप

चुकीच्या मापाच्या सायकलीवर पुढे कितीही खर्च केला तरी ती तुमची होत नाही. सीट वरखाली करून उंची जुळवता येते, पण सीटपासून हँडलपर्यंतची लांबी फ्रेममध्येच ठरलेली असते. एका कंपनीचा एम दुसऱ्या कंपनीच्या एलएवढा असू शकतो, त्यामुळे अक्षरावर जाऊ नका. त्या विशिष्ट मॉडेलचा तक्ता बघा.

दुकानात बूट घालून वरच्या नळीच्या दोन्ही बाजूंना पाय टेकून उभे राहा. नळी आणि जांघ यांच्यात निदान चार-पाच सेंटिमीटर मोकळी जागा हवी. मग सीटवर बसा, टाच पेडलवर ठेवा आणि पेडल सगळ्यात खाली न्या. पाय सरळ होईल इतपत सीट वर घ्या. आता तळव्याचा पुढचा भाग पेडलवर ठेवला की गुडघा किंचित वाकलेला राहतो, चढासाठी तेच हवं. एवढं करताना सीटच्या दांड्यावरची कमाल खूण बाहेर आली, तर फ्रेम लहान आहे. शेवटी दोन्ही पेडल एका पातळीत ठेवून उभ्यानं थोडं चालवा. कोपर वाकवून शरीर पुढे-मागे सहज हलत असेल तर लांबी जुळली. हात ताणले जात असतील तर एक माप खाली बघा, गुडघे हँडलला लागत असतील तर एक माप वर.

फ्रेमच्या आकाराबद्दल थोडक्यात सांगतो. हँडलखालच्या आखूड नळीचा, म्हणजे हेडट्यूबचा, जमिनीशी असलेला कोन जुन्या सायकलींत ७० ते ७१ अंश असायचा. हल्लीच्या पायवाटेच्या सायकलींत तो ६५ ते ६८ च्या आसपास आलेला आहे. कोन कमी झाला की पुढचं चाक आणखी पुढे जातं आणि तीव्र उतारावर हँडलवरून फेकले जाण्याची भीती घटते. हा आकडा कंपनीच्या तक्त्यात असतो. जादा पैसे न देता मिळणारी ही सगळ्यात मोठी सुरक्षा आहे, कारण उभा कोन आणि कलता कोन असलेल्या दोन्ही फ्रेमना धातू तेवढाच लागतो. ॲल्युमिनियमची फ्रेम सगळ्यात सहज मिळते आणि ती पुरेशी आहे. या पातळीवर कार्बनच्या मागे लागू नका.

हब, एक्सल आणि हेडट्यूब

आता माझ्या वाकलेल्या एक्सलकडे येतो. मागचे गिअर हबवर दोन प्रकारे बसतात. जुन्या आणि स्वस्त प्रकारात दात्यांच्या चकत्या आणि पेडल मारायचं थांबवल्यावर टकटक करणारी यंत्रणा मिळून एकच गोळा असतो आणि तो हबच्या आट्यांवर फिरवून बसवतात. हा फ्रीव्हील. दुसऱ्या प्रकारात ती यंत्रणा हबचाच भाग असते आणि चकत्या तेवढ्या वेगळ्या सरकवून बसवतात. हा कॅसेट.

फरक बेअरिंगच्या जागेत आहे. फ्रीव्हीलमध्ये उजवीकडचं बेअरिंग गोळ्याच्या आतल्या बाजूला राहतं, म्हणून तिथून फ्रेमपर्यंतचा काही सेंटिमीटरचा एक्सल निराधार असतो. तुमचं वजन घेऊन चाक दगडावर आपटलं की तो तिथेच वाकतो. कॅसेट हबमध्ये बेअरिंग जवळजवळ टोकाशी असतं, एक्सलला शेवटपर्यंत आधार मिळतो.

दुकानात ओळखायचं कसं? मागे सातच चकत्या असतील तर बहुतेक वेळा फ्रीव्हील निघतो. पण आठ आणि नऊ चकत्यांचेही फ्रीव्हील मिळतात, म्हणून आकड्यावर विसंबू नका. चाक काढायला सांगा आणि चकत्या हातानं उलट्या फिरवा. मध्यभागी हत्यार बसवायच्या खाचा चकत्यांबरोबर फिरल्या तर कॅसेट, जागेवरच राहिल्या तर फ्रीव्हील. वर्ग ३ च्या वाटेवर जायचं असेल तर कॅसेटच हवा. या एका गोष्टीसाठी मी आवडता रंग, ब्रँड, वजन काहीही सोडेन.

चाक फ्रेमला दोन प्रकारांनी जोडलेलं असतं. जुन्या पद्धतीत बारीक दांडी आणि झटक्यात उघडणारी खिट्टी असते, मागच्या हबची रुंदी साधारण १३५ मिलिमीटर. नव्या पद्धतीत जाड दांडी चाकातून आरपार जाते, तिला थ्रू एक्सल म्हणतात. तिच्या बूस्ट नावाच्या मापात पुढचा हब ११० मिलिमीटर रुंद आणि दांडी १५ जाड, मागचा हब १४८ रुंद आणि दांडी १२ जाड. खिट्टीचं चाक चालतं, पहिल्या वर्षात अडणार नाही. पण आज बाजारात येणारी चांगली चाकं आणि फोर्क बहुतेक थ्रू एक्सलचे असतात, म्हणून दोन सायकली बाकी सारख्या असतील तर आरपार एक्सलवाली उचला.

हेडट्यूबही तशीच तपासा. ती खालच्या टोकाला जाड होत गेलेली असेल तर तिच्यात टेपर्ड, म्हणजे वर २८.६ आणि खाली सुमारे ३८ मिलिमीटर जाडीच्या दांड्याचा फोर्क बसतो. आजचे जवळपास सगळे चांगले फोर्क याच मापात येतात. ४४ मिलिमीटर आतल्या व्यासाची सरळ, जाड नळीही योग्य हेडसेट (फोर्क फिरवणारी बेअरिंगची जोडी) घालून चालते. बारीक सरळ नळी असेल, तर पुढे चांगला फोर्क टाकायचा बेत आजच विसरावा लागेल.

ब्रेक

कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत १९७० च्या दशकात काही तरुण जुन्या, जड सायकली घेऊन डोंगराच्या कच्च्या रस्त्यावरून खाली सुटायचे. तिथली रीपॅक नावाची शर्यत १९७६ मध्ये सुरू झाली. उलटं पेडल दाबून लागणारा मागच्या हबमधला ब्रेक उतारावर इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं, आणि खाली पोचल्यावर हबमध्ये नवं ग्रीस भरावं लागायचं, म्हणजे रीपॅक करावं लागायचं. माउंटन बाइकच्या जन्मकथेतच ब्रेकचा प्रश्न आहे, आणि नवशिक्याची भीती किंवा आत्मविश्वासही ब्रेकवरच ठरतो.

हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबानं चालणारे, डिस्क ब्रेक मिळत असतील तर बाकी कशात तरी तडजोड करून तेच घ्या. तारेच्या स्वस्त डिस्क ब्रेकमध्ये बहुधा एकच पॅड हलतो, तो डिस्कला ढकलून पलीकडच्या स्थिर पॅडवर दाबतो. पॅड झिजत गेले की दर थोड्या दिवसांनी जुळवणी करावी लागते आणि तारेत चिखल गेला की लिव्हर जड होतो. हायड्रॉलिकमध्ये दोन्ही पॅड सरकतात, झीज आपोआप भरून निघते आणि एका बोटानं सायकल थांबते. लांब उतारावर चार बोटांनी लिव्हर आवळून हात बधिर झाले, की हँडल धरायला ताकद उरत नाही. शिमानो कंपनीचा एमटी२०० किंवा टेक्ट्रोचे साधे दोन-पिस्टनचे ब्रेक या कामाला पुरेसे आहेत. दोन्हींत मिनरल ऑइल असतं. त्यांत डॉट जातीचं तेल कधीही घालू नका, आतली रबरं खराब होतात.

तुमचं वजन जास्त असेल किंवा उतार लांब असतील तर पुढची डिस्क १८० मिलिमीटरची बघा, नाहीतर १६० चालते. काही स्वस्त डिस्कवर फक्त रेझिन पॅड वापरा असं कोरलेलं असतं. तिथे धातूचे पॅड लावले तर डिस्कच झिजते.

गिअरचा आकडा

२१ गिअर म्हणजे पुढे ३ आणि मागे ७ चकत्या. ९ गिअर म्हणजे पुढे १, मागे ९. ऐकताना पहिली सायकल दुपटीहून मोठी वाटते. आता हिशेब करू. पुढच्या दात्यांना मागच्या दात्यांनी भागलं की पेडलच्या एका फेरीत चाक किती फिरतं ते कळतं.

२१ गिअरच्या सायकलीत पुढे ४२, ३४, २४ आणि मागे १४ ते २८ दाते ही नेहमीची जोडणी. सगळ्यात जलद गिअर ४२ भागिले १४, म्हणजे ३. सगळ्यात हलका २४ भागिले २८, म्हणजे ०.८६. पुढे एकच ३२ ची चकती आणि मागे ११ ते ४२ असलेल्या ९ गिअरच्या सायकलीत जलद २.९ आणि हलका ०.७६. सपाटीवर जवळपास बरोबरी आणि चढावर नऊवाली अधिक हलकी. शिवाय पुढचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा भाग), त्याची तार, त्याचा शिफ्टर हे सगळं गायब, डाव्या हाताला काम उरत नाही आणि चेन पडायचे प्रसंगही कमी होतात. दुकानात हा भागाकार फोनवर करून बघा. हलका गिअर ०.८ च्या खाली असेल तर नवशिक्याला बहुतेक चढ बसून चढता येतात.

शिमानोत खालून वर टूर्नी, अल्टस, असेरा, अलिव्हिओ, देओरे अशी चढती भाजणी होती. २०२३ पासून मधल्या तीन पायऱ्यांच्या जागी क्यूज ही मालिका येऊ लागली. अल्टसच्या वरचं काहीही ठीक, क्यूज किंवा देओरे मिळालं तर छानच. मायक्रोशिफ्टचा ॲडव्हेंट हा ९ गिअरचा संचही चांगला. एक सावधगिरी बाळगा. मागचा डिरेलर सगळ्यांना दिसतो, म्हणून तो तेवढा वरच्या श्रेणीचा लावून शिफ्टर, चेन आणि हब खालच्या श्रेणीचे दिलेले असतात. पूर्ण यादी वाचा.

फोर्क, चाक, टायर

स्वस्त फोर्कमध्ये स्टीलची स्प्रिंग असते आणि परतीचा वेग आवरणारं फारसं काही नसतं, त्यामुळे दगडावरून गेल्यावर हँडल वर उसळतं. वरच्या गोल बटणानं स्प्रिंगचा सुरुवातीचा ताण बदलतो, स्प्रिंग मऊ किंवा कडक होत नाही. हवेचा फोर्क तुमच्या वजनानुसार पंपानं जुळवता येतो आणि वजनानं बराच हलकाही असतो. ओळखायला वरच्या टोकाला टोपीखाली हवेचा व्हॉल्व्ह आणि पायाशी परतीचा वेग बदलणारं बटण शोधा. सनटूर एक्ससीटी आणि एक्ससीएम हे स्प्रिंगचे प्राथमिक फोर्क. रॉकशॉक्स जूडी किंवा रेकॉनपाशी खरी सुरुवात होते. १०० ते १२० मिलिमीटरची हालचाल पुरते. हवेचा फोर्क बजेटमध्ये बसत नसेल, तर साधा फोर्क आणि टेपर्ड हेडट्यूब ही जोडी घ्या, फोर्क पुढे बदलता येईल.

चाक २९ किंवा २७.५ इंची घ्या. उंची कमी असेल तर २७.५ बरं पडतं. २६ इंची चाकाला आता चांगले टायर आणि फोर्क मिळायला शोधाशोध करावी लागते. टायर २.२ ते २.४ इंच रुंद असावा. ट्यूब असताना नवीन लोक हवा फार भरतात. टायरच्या कडेवर छापलेल्या मर्यादेत राहून, मध्यम वजनाच्या माणसानं २५ ते ३० पीएसआयपासून सुरुवात करून बघावी. पकड आणि आराम दोन्ही एकदम वाढतात.

वापरलेली सायकल

त्याच पैशांत एक-दोन पायऱ्या वरची सायकल हवी असेल तर वापरलेली बघा. मात्र उजेडात आणि धुतलेल्या अवस्थेत. हेडट्यूबजवळचे आणि क्रँकजवळचे (पेडलच्या दांड्यांजवळचे) सांधे बोट फिरवून तपासा. रंगातली केसासारखी रेघ म्हणजे तडा असू शकतो, तिथूनच परत फिरा. फोर्कच्या चकचकीत नळ्यांवर नखाला लागेल असा ओरखडा नको. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा, हेडसेटमध्ये टकटक जाणवायला नको. चाकं धरून आडवी हलवा, क्रँकही हलवा. ब्रेक लिव्हर अर्धा मिनिट दाबून ठेवा, तो हळूहळू हँडलपर्यंत गेला तर हवा किंवा गळती आहे.

चेन पट्टीनं मोजता येते. नवी असताना तिच्या पहिल्या खिळ्यापासून पंचविसाव्या खिळ्यापर्यंतची लांबी बरोबर १२ इंच असते. दीड मिलिमीटर वाढली असेल तर चेन बदलायची, तीनपर्यंत गेली असेल तर कॅसेटही धरा, आणि तेवढी रक्कम भावातून कमी करायला सांगा. क्रँकखालचा अनुक्रमांक खरवडलेला असेल किंवा विकणाऱ्याला सायकल कुठून आली हे सांगता येत नसेल, तर ती कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. कुणाची तरी चोरलेली असण्याची शक्यता असते.

चालवून बघताना आणि घरी आल्यावर

पैसे देण्याआधी दहा मिनिटं तरी चालवा. निघण्यापूर्वी पुढचा ब्रेक कोणत्या हाताला आहे ते बघा, देशागणिक ते बदलतं. फोर्क उलटा बसवलेला नाही याची खात्री करा. पुढच्या ब्रेकचा कॅलिपर (पॅड धरणारा भाग) बहुतेक सायकलींत चालवणाऱ्याच्या डावीकडे आणि फोर्कच्या मागच्या बाजूला असतो. मग हलका दाब देत सगळे गिअर एकदा वर, एकदा खाली घ्या. उभं राहून चालवा, आठच्या आकड्यात वळवा.

एकूण रकमेतला साधारण पाचवा हिस्सा सायकलीबाहेर ठेवा. हेल्मेट, हातमोजे, पंप, जादा ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या, छोटा पानेसंच, चेनचं तेल. सगळे पैसे सायकलीत घालून हेल्मेट पुढच्या महिन्यावर ढकललेलं मी पाहिलं आहे. तसं करू नका, हवं तर सायकल एक पायरी खालची घ्या.

नवे डिस्क ब्रेक पहिल्याच दिवशी नीट पकडत नाहीत. मोकळ्या जागेत मध्यम वेग घ्या आणि चाक न अडकवता चालण्याच्या वेगापर्यंत या, असं प्रत्येक ब्रेकला २० वेळा करा. पेडल स्वतः लावत असाल तर डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं हे लक्षात ठेवा. जोर लावून उजव्यासारखं फिरवलं तर क्रँकच्या आट्या जातात. पहिल्या १०० किलोमीटरनंतर आरे थोडे सैल होतात, गिअरच्या तारा बसतात आणि बोल्टही ढिले पडू शकतात. त्या सुमारास सायकल एकदा मेकॅनिककडे न्या. दोन्ही चाकांच्या आऱ्यांचा ताण बघायला सांगा, आणि हँडल, क्रँक व डिस्कचे बोल्ट तो कसे आवळतो ते शेजारी उभं राहून बघून घ्या. पुढच्या वेळी ते काम तुम्हालाच करता येईल.